भैयाजी वजा जाता

रेणू पटलेने माउसची एक टिचकी मारली आणि भैयाजी मिलमधून नाहीसे झाले.

पडद्यावर लगेच फरक दिसला. इतका वेळ अडखळत, एकमेकांच्या पाठीवर चढत चाललेले हिरवे ठिपके सुटे झाले आणि शिस्तीत धावू लागले. एक ठिपका म्हणजे दहा पोती धान. त्याने टाकीत भिजायचं, वाफ खायची, ड्रायरमध्ये वाळायचं, शेलरमधून सोलून निघायचं आणि उसना, म्हणजे उकडा तांदूळ होऊन पोत्यात पडायचं. खालच्या कोपऱ्यातला उत्पादनाचा आकडा चढत चढत एक तृतीयांशाने वाढला, मग थांबला.

"हे काय केलं?" शेजारच्या खुर्चीतून मिलमालक भैयाजींनी विचारलं.

"तुम्हाला काढलं."

"मले? मी कुठं होतो यात?"

रेणूने पुन्हा टिचकी मारली. शेलरच्या बरोबर समोर एक लाल चौकोन उगवला आणि त्याच्यामागे ठिपक्यांची गर्दी झाली.

"हे तुम्ही."

"एवढा मोठा?"

"आकार थांबण्याच्या वेळेवरून ठरतो," रेणू म्हणाली. हे वाक्य तिने सकाळी मोहाडीहून येताना स्कूटीवर दोन-तीनदा म्हणून पाहिलं होतं. ते नेमकं तसंच, थंडपणे बाहेर पडलं याचं तिला फार बरं वाटलं.

पुण्यात मोटारींच्या कारखान्यात पाच वर्षं तिने हेच काम केलं होतं. कारखान्याची हुबेहूब नक्कल कम्प्युटरवर उभी करायची, तिथे उद्याचा दिवस आजच चालवून बघायचा आणि मग खऱ्या मशीनला सांगायचं, की कुठला माल आधी, कुठला नंतर. तिथे या कामाला मान होता. आईच्या गुडघ्यांपायी ती परत आली आणि तुमसरच्या बाहेरच्या या राइस मिलमध्ये चिकटली, तेव्हा भैयाजींनी तिला पोत्यांवरची लेबलं छापायला बसवलं. मॉडेल तिने हौसेने, स्वतःच्या वेळात बनवलं. कामगार त्याला 'मॅडमचा पिक्चर' म्हणत. भैयाजी 'ते कम्प्युटरवालं' म्हणत आणि पाहुणे आले की त्यांना दाखवत, जसा एखादा घरातला नवा फ्रीज दाखवतो.

आता मात्र प्रश्न फ्रीजचा राहिला नव्हता. केरळातल्या एका व्यापाऱ्याने वर्षभराची मागणी देऊ केली होती. दर शनिवारी चार ट्रक उसना तांदूळ, आणि शनिवार चुकला तर मागणी गोंदियाच्या मिलला. एवढा माल आपल्याच्याने निघतो की नाही हे भैयाजींना ठरवायचं होतं. निघतो असं कम्प्युटरने दाखवलं तर उत्पादन रेणूच्या हाती, असं त्यांनी चार माणसांसमोर कबूल केलं होतं. नाही दाखवलं तर रेणूने लेबलं छापावीत. लेबलं तिला या जन्मात पुन्हा छापायची नव्हती.

अडचण एकच होती. मॉडेल म्हणेल त्याच्या पाऊणपटच तांदूळ मिल द्यायची, आणि हा पाव हिस्सा कुठे जातो ते रेणूला महिनोन्महिने कळलं नव्हतं. मशीन थांबली की पुन्हा चालू करण्याआधी ऑपरेटरने पडद्यावर कारण निवडायचं, अशी सोय तिनेच करून दिली होती. कारणांची चित्रं काढली होती. तुटलेला पट्टा, रिकामं पोतं, विजेचा दिवा. अक्षरं लावली असती, पण हे लोक वाचतील याची तिला खात्री नव्हती. शेलरवरचा चंद्रकुमार शहारे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकला होता, पण ते तिने कधी विचारलं नव्हतं.

जेव्हा बघावं तेव्हा दिवाच दाबलेला असायचा. लाइट गेली. मॉडेलने बिचाऱ्याने ते खरं मानलं आणि मोठा जनरेटर घ्या असा सल्ला दिला. रेणूनेही तो भैयाजींना देऊन टाकला असता. पण एके दिवशी ती शेलरपाशी फिरत्या पंख्याखाली उभी असताना चंद्रकुमारने तिच्या डोळ्यांदेखत दिवा दाबला.

"आत्ता लाइट गेली होती?"

चंद्रकुमारने गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका बाजूला सारला. "नाही जी."

"मग दिवा का दाबला?"

"भैयाजी येऊन गेले ना."

चंद्रकुमारने मग सावकाश, लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. "भैयाजीची गाडी गेटात शिरली का आमी आदीच शेलर रिकामा करून बंद करतो. थे आल्यावर थांबवाच लागते. हात घालतेत, दाना चावून पाहतेत, हे काढा म्हणतेत, थे लावा म्हणतेत. चालत्या मशीनीले एकदम थांबवलं तं धानाचं एलिव्हेटर चोक होते. मंग दोन घंटे फावडं मारत बसा."

"मग तसं सांगायचं ना!"

"मालक आले असं बटन कुठं हाये जी? लाइट गेली म्हटलं का कोनी काई विचारत नाही." एवढं बोलून तो खर्रा थुंकायला बाहेर गेला, आणि बराच वेळ आला नाही.

रेणू त्या दिवशी केबिनचं दार लावून एकटीच हसली. काय ही माणसं! कोटींची मशीन, आणि मालकाच्या गाडीचा हॉर्न ऐकून ती बंद पाडणारे हे नग. आणि मालक तरी काय, दात पडायला आले तरी तांदूळ दातानेच पारखणार, मधेच कुणा मेव्हण्याचा फोन आला म्हणून लागलेला माल उतरवून दुसरा लावणार, वर त्याला अनुभव म्हणणार! गेटवरच्या कॅमेऱ्याशी तिने ताडून पाहिलं. दिव्यामागून दिवा जुळत गेला. मग तिने मॉडेलमध्ये भैयाजींना एक बिघाड म्हणून घातलं, आणि नकलेने आणि खऱ्या मिलने पहिल्यांदाच एक आकडा दाखवला.

"पुन्हा चालवा," भैयाजी आता म्हणत होते. "माझ्यासकट."

तिने चालवलं.

"आता माझ्याबिगर."

तिने तेही चालवलं. भैयाजींनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. ते चिडणार, आवाज चढवणार, तुमसरात त्यांच्या बापाने धान कांडायचा पहिला हलर कसा बसवला ते सांगणार, हे रेणूने धरून ठेवलं होतं आणि प्रत्येकाला उत्तर तयार ठेवलं होतं. चष्मा पुन्हा डोळ्यांवर गेला.

"म्हणजे मी नाही आलो तं केरळवाल्याचा माल निघते."

"निघतो. वेळेवर."

"मंग नाही येत," भैयाजी म्हणाले आणि उठले. रेणूची सगळी तयार उत्तरं तिच्यापाशीच राहिली.

सोमवारी त्यांची गाडी खरोखरच आली नाही. मंगळवारीही नाही. पहिल्या शनिवारी चारही ट्रक दुपारच्या जेवणाआधी गेटाबाहेर पडले आणि रेणूने ते केबिनच्या खिडकीतून पाहिले. भैयाजींची जुनी खुर्ची तिने गोदामात पाठवून दिली. त्या गादीत इतक्या वर्षांच्या बसण्याने खळगा पडला होता, आणि दुसऱ्याच्या खळग्यात बसायची तिला इच्छा नव्हती. नवी खुर्ची नागपूरहून मागवली.

पुढच्याही शनिवारी ट्रक वेळेवर गेले. रेणूच्या आईने मोहाडीत चार घरी सांगितलं, की आमच्या पोरीने मिलमालकाला घरी बसवलं. रेणूने आईला गप्प केलं नाही.

मॉडेल आता तिने थेट मशीनला जोडून टाकलं होतं. धानाची ओल कमी-जास्त निघाली, एखादा ट्रॅक्टर अड्याळहून उशिरा आला, की ते सगळं गणित नव्याने मांडायचं आणि तिचा टॅबलेट टुण्‌ करून वाजायचा. सकाळी लावलेली पाळी मोडा, जाडं धान मागे घ्या, बारीक पुढे. नवं उत्तर आधीच्याहून चांगलं असायचं. थोडंसंच, पण चांगलं. हातात चांगलं उत्तर असताना त्याच्याहून वाईट उत्तरावर मशीन चालू ठेवणं भैयाजींसारख्या माणसाला जमलं असतं. रेणूला ते जमेना.

फोनवर सांगून भागत नव्हतं. फोनवर चंद्रकुमार 'हाव जी' म्हणायचा आणि जे चाललंय ते चालू द्यायचा. मग रेणू पिवळं हेल्मेट चढवायची, ओल मोजायचं यंत्र घ्यायची आणि लोखंडी जिना उतरून खाली जायची. पन्हळीतून मूठभर दाणे काढून स्वतः मोजायची. यंत्रावर भरवसा होता, पण यंत्र चंद्रकुमारच्या हातात असताना नव्हता.

"मॅडम, कोनतं थे एक ठरवा ना जी," पोती शिवणाऱ्या ललिताबाई एकदा म्हणाल्या. "सकायपासून तिसऱ्यांदा बारदाना बदलून राहिली मी. पहिला माल पुरा तं होऊ द्या."

"बाई, यात किती गोष्टी बघाव्या लागतात ते तुम्हाला नाही कळणार."

"नाही कयत बाप्पा," ललिताबाई म्हणाल्या आणि सुई बाजूला ठेवून पाय पसरून बसल्या. बाकीच्या बायकाही बसल्या. रेणूला त्या बसण्याचाच राग आला. जरा मशीन थांबली की यांना पाय पसरायला हवेत!

मग एका शनिवारी तीनच ट्रक निघाले. चौथा सोमवारी गेला. पुढच्या शनिवारीही तेच झालं. केरळच्या व्यापाऱ्याने सभ्य इंग्रजीत लिहून कळवलं, की आणखी एकदा असं झालं तर तो दुसरी सोय बघेल. रेणूने ते तीनदा वाचलं आणि थांबण्याची कारणं उघडली. पडद्यावर दिवेच दिवे होते. लाइट गेली, लाइट गेली, लाइट गेली.

तिच्या अंगाची आग झाली. या दिव्याचा अर्थ तिला पक्का ठाऊक होता. म्हाताऱ्याला राहवलं नव्हतं तर! तिच्या तोंडावर शहाण्यासारखं 'नाही येत' म्हणून हा माणूस मागच्या दाराने येत होता. भुशाचे ट्रॅक्टर जातात त्या गेटातून, पायी, चोरासारखा येऊन दाणे चावत होता, आणि ते सगळे नेभळट त्याच्यासाठी मशीन बंद करून हात बांधून उभे राहत होते. तिच्या नावावर. तिच्या ट्रकांच्या जिवावर. आता पुरावाच समोर ठेवायचा, म्हणजे पुन्हा कधी फिरकणार नाही.

दुपारी जेवणाचा डबा उघडून ती कॅमेऱ्यांची चित्रं बघायला बसली. मागच्या गेटावर भैयाजी नव्हते. पुढच्या गेटावरही नव्हते. मग तिने शेलरवरचा कॅमेरा लावला, गुरुवार सकाळ, आणि भराभर पुढे पळवलं.

आधी मशीन चालू होती. मग चंद्रकुमारने जिन्याकडे मान वळवून पाहिलं, हाताने कुणाला तरी खूण केली, आणि धानाची धार थांबली. पोत्यांकडच्या बायका बसल्या. थोड्या वेळाने चौकटीत पिवळ्या हेल्मेटची एक बाई शिरली. तिने पन्हळीत हात घातला, मूठ भरून दाणे काढले, तळहात डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. मग बोट हलवत काहीतरी बोलू लागली. चंद्रकुमार हात पाठीशी बांधून मान डोलावत होता. बाईचं बोलणं संपत नव्हतं. तिने लागलेलं पोतं उतरवायला लावलं, दुसऱ्या ढिगाकडे बोट दाखवलं, निघाली, परत वळली, आणखी काही बोलली. ती गेल्यावर चंद्रकुमारने गालात खर्रा सरकवला आणि दिव्याचं चित्र दाबलं.

रेणूने शुक्रवार लावला. मग बुधवार. हेल्मेट तेच होतं.

कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे असेल, असं तिला वाटलं. तिने मनगटावरच्या घड्याळाशी लावून पाहिलं. पुढे नव्हतं. ही माणसं मुद्दाम करताहेत, भैयाजींनी शिकवून ठेवलंय, असंही वाटून पाहिलं. डब्यातली भाजी निवून गेली. तिने डबा तसाच बंद केला.

तेवढ्यात बाहेरच्या जिन्यावर चपला वाजल्या आणि भैयाजी दारात उभे राहिले. ते मिलमधून आले नव्हते. रस्त्याकडच्या जिन्याने सरळ वर आले होते. रेणूने घाईने पडदा बंद केला. त्यांनी नव्या खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि पाहुण्यांच्या स्टुलावर बसले.

"केरळवाल्याचा फोन होता."

"हो."

"काय अडचण होऊन राहिली?"

सांगायला एकच वाक्य लागलं असतं. ते तिच्या तोंडापर्यंत आलंही होतं. पण समोर तो स्टूल होता, त्यावर तो माणूस होता, ज्याला तिने चार माणसांत नव्हे पण चांगलं तोंडावर लाल चौकोन करून दाखवलं होतं. आणि टेबलाच्या खालच्या खणात लेबलांची गुंडाळी होती.

"लाइट," रेणू म्हणाली. "लाइट फार जाते आहे."

"असं?" भैयाजींनी खिशातून मोबाइल काढला. "मंग बोर्डाच्या सायबाले लावतो ना आत्ता. आपला मानूस होय."

"नको!" ती इतक्या झटकन म्हणाली की तिची तिलाच लाज वाटली. "म्हणजे, मी बोललेय त्यांच्याशी."

"बोलल्या का? काय म्हने?"

रेणूने बंद डब्याचं झाकण पुन्हा दाबलं. खाली शेलर एकसुरात चालू होता. भैयाजींनी मोबाइल परत खिशात ठेवला.

"मलेबी तेच सांगतलं होतं त्यायनं," ते म्हणाले. "तुमचं थे बटन लागलं, त्याच्या दुसऱ्याच हप्त्यात. मी इचारलं, का हो सायेब, माह्याच मिलची लाइट एवढी काहून जाऊन राहिली? तं थे म्हने, भैयाजी, तुमची लाइन तं एक मिनिटबी बंद नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"मी दाखवायच्या आधीपासून?"

"आदीपासून." भैयाजी जरासे हसले. "पन तुमी एवढ्या खुशीत दाखवून राहिल्या होत्या. म्हटलं, दाखवू दे पोरीले."

रेणूचे कान तापले. पुण्यात राहून घासूनपुसून काढलेली तिची भाषा पार घसरली.

"मंग कायले येत होते रोज? माहीत होतं तं?"

भैयाजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं ती चंद्रकुमारकडे पाहायची.

"मिल माही होय मॅडम," ते म्हणाले. "नुकसान झालं तं माहंच होये. माह्या पैशानं मी येत होतो, दाना चावत होतो, घरी जात होतो. आता आर्डर मोठी दिसली तं बसलो घरी. करमत नाही, पन बसलो." ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "तुमाले तं पगार भेटते."

एवढं बोलून ते दाराशी गेले. तिथून मागे न बघता म्हणाले, "या शनिवारी चारी ट्रक निघाले पायजेत."

आल्या जिन्याने ते उतरले. मिलकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. रेणूने खिडकीतून त्यांची गाडी वळताना पाहिली आणि मनातल्या मनात त्यांना दोन-चार शिव्या हासडल्या, मोहाडीच्या बाजारातल्या, अस्सल. मग ती खुर्चीत बसली. आज खाली जायचं नाही, असं तिने ठरवलं. आज काय, शनिवारपर्यंत नाही. ठरवलं आणि तासभर पाळलंही. हिरवे ठिपके एकामागून एक पोत्यात पडत होते. या वेगाने चारच काय, पाच ट्रक भरले असते.

टॅबलेट टुण्‌ करून वाजला. टाकीतल्या धानाची ओल अंदाजापेक्षा कमी निघाली होती. बारीक धान पुढे घेतलं तर पाऊण तास वाचत होता.

रेणूने टॅबलेट पालथा ठेवला. थोड्या वेळाने सरळ केला. पाऊण तास म्हणजे काही थोडाथोडका नव्हे. अर्थात बदलायचं काहीच नव्हतं. कुणाला काही सांगायचं नव्हतं, पन्हळीत हात घालायचा नव्हता. नुसतं लांबून बघून यायचं, की ओल खरंच कमी आहे की त्या खर्रेवाल्याने यंत्र वाकडं धरलंय. नुसतं बघायला कुणाची काय हरकत असणार?

तिने हेल्मेट घातलं आणि लोखंडी जिन्याचं दार उघडलं. खालून गरम उसन्या धानाचा वास आला आणि शेलरचा आवाज अंगावर आला. ती दोन पायऱ्या उतरली. तिसऱ्या पायरीवर असताना खाली कुणीतरी शीळ घातली, आणि शेलर बंद झाला.